प्रा. जर्व्हिस फेन: पहिल्या पुस्तकात अडकलोय, पुढं जाऊ की सोडून देऊ?

यादीवाला

रहस्यकथा वाचायची माझी एक रीत आहे. ती आधी सांगतो, म्हणजे दुखणं कुठं आहे ते कळेल. पुस्तकाशेजारी वही असते. नवा माणूस आला की त्याची नोंद: नाव, वय, धंदा, कोणाशी वाकडं, खुनाच्या वेळी कुठं होता. उजवीकडे संशयाचा रकाना, टक्क्यांत. बायको याला जनगणना म्हणते. या जनगणनेच्या जोरावर मी अगाथा ख्रिस्तीबाईंचे सात खुनी पुस्तक संपायच्या आत धरलेत. बाकीच्या वेळी तोंडावर आपटलोय, पण त्यातही एक सुख असतं. वहीत मागं जाऊन बघितलं की आपण नेमके कुठल्या पानावर फसलो ते सापडतं. बाईंनी पत्ते समोरच मांडलेले असतात, बघणाऱ्याचेच डोळे मिटलेले.

तर एका मित्रानं एडमंड क्रिस्पिनची जर्व्हिस फेन मालिका सुचवली. ऑक्सफर्डमधला इंग्रजीचा प्राध्यापक, फावल्या वेळात डिटेक्टिव्ह, आणि सगळं विनोदी. मालिका म्हटली की पहिल्यापासून, हा माझा दुसरा नियम. म्हणून १९४४ सालचं 'द केस ऑफ द गिल्डेड फ्लाय' उघडलं. पहिलं अख्खं प्रकरण आगगाडीत! पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डला जाणारी गाडी, मध्ये डिडकॉट स्टेशनापाशी रखडण्याचं रडगाणं, आणि प्रत्येक डब्यातून नवा माणूस. एकूण अकरा. वर लेखक सांगून मोकळा होतो की आठवड्याभरात यांतले तिघे भलत्या मरणानं जाणार. कोण ते नाही सांगत. वहीची दोन पानं पहिल्या प्रकरणातच संपली.

तरी रेटलं. नाटक कंपनीतल्या एका नटीचा गोळी लागून मृत्यू होतो, खोलीत कोणी शिरलेलं कोणी पाहिलेलं नाही. इथवर झकास. आता फेनसाहेब येतात, इकडेतिकडे बघतात, आणि खून कोणी केला ते आपल्याला कळल्याचं जाहीर करतात. मग गप्प! पानंच्या पानं लोक विचारतायत, हा विषय बदलतोय. अहो, तुम्हाला कळलंय तर मी इथं रकाने कशाला आखतोय?

पुढं वाचू का? की याच मालिकेतलं दुसरं घेऊ? आणि यात हसायचं नक्की कुठं असतं? कृपा करून खुन्याचं नाव कोणी फोडू नका, अजून माझे ४० टक्के एकावर लागलेत.

तिरपा_डांग

वही मिटा. तिसरं पुस्तक घ्या. 'द मूव्हिंग टॉयशॉप', १९४६. बाकी नंतर बोलू.

लिली_ख्रिस्तीन_चार

यादीवाले, माझं हे नाव बघून लोक मला ख्रिस्ती समजतात. लिली ख्रिस्तीन तिसरी ही फेनची मोटार आहे. छोटी, लाल, फाटक्या आवाजाची, बाजूला पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलेलं, पुढं रेडिएटरच्या टोपणावर एक उघडीवाघडी बाई. फेन ती चालवतो म्हणण्यापेक्षा सोडतो, आणि रस्त्यावरच्या लोकांनी आपापलं बघायचं. तिसरी त्याची, म्हणून चौथी मी.

डांगरावांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण कारण सांगायचा त्यांना कायम कंटाळा. ते मी सांगते.

तुम्ही पहिलं पुस्तक घेतलंत ते एका विद्यार्थ्याचं आहे. क्रिस्पिन हे टोपणनाव. खरा माणूस ब्रूस माँटगोमेरी, जन्म १९२१. सेंट जॉन्स कॉलेजात आधुनिक भाषा शिकत असताना सुट्टीत बसून त्यानं ते लिहिलं. विशी नुकतीच ओलांडलेल्या हुशार मुलाला जे जे येतं ते सगळं त्यात आहे, अकरा माणसांसकट. टोपणनावसुद्धा उसनं. मायकेल इन्स हा त्याच्या आवडीचा लेखक. त्याच्या १९३७ च्या 'हॅम्लेट, रिव्हेंज!'मध्ये जर्व्हिस क्रिस्पिन नावाचं पात्र आहे. यानं ते नाव मधोमध मोडलं. अर्धं डिटेक्टिव्हला, अर्धं स्वतःला.

आता फेन बघून झाल्यावर गप्प का बसतो, या तुमच्या रागाकडे येते. तो राग मलाही आला होता. पण त्याच पुस्तकात एक जोडी आहे तिच्याकडे तुमचं लक्ष गेलं का? सर रिचर्ड फ्रीमन हे तिथले मुख्य पोलीस अधिकारी. त्यांना गुन्ह्यांत काडीचा रस नाही, त्यांचा जीव साहित्य समीक्षेत. फेन साहित्याचा प्राध्यापक, त्याचा जीव गुन्ह्यांत. दोघांनाही वाटतं, आपलं खरं काम दुसऱ्याकडे गेलंय. 'टॉयशॉप'मध्ये फेन खुन्यामागं धावतोय आणि फ्रीमनसाहेब फोनवर त्याला धरून ठेवतायत, का, तर शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर'बद्दल बोलायचंय. ही थट्टा एकदा सापडली की मालिका उघडते. यातला प्रत्येक माणूस चुकीच्या खुर्चीत बसलाय आणि तिथून मान वळवून दुसऱ्याच्या खुर्चीकडे बघतोय.

'टॉयशॉप'ची सुरुवात सांगते. पहिल्या दोन प्रकरणांपलीकडे जात नाही, घाबरू नका. रिचर्ड कॅडोगन हा बऱ्यापैकी नावाजलेला कवी. आयुष्यात काही घडतच नाही म्हणून वैतागलेला. प्रकाशकाकडून पैसे उकळून तो ऑक्सफर्डला निघतो, उशीर होतो, मध्यरात्र उलटल्यावर इफ्ली रोडनं चालत येतो. एका दुकानाचं दार ढकललं तर उघडं. आत खेळणी. वरच्या मजल्यावर गळा आवळलेली एक म्हातारी बाई. मागून डोक्यात टोला. शुद्ध येते तेव्हा हा एका कपाटाएवढ्या खोलीत. कसाबसा निसटून पोलीस घेऊन येतो. आणि खेळण्यांचं दुकान तिथं नाही. किराण्याचं आहे. प्रेत नाही, खेळणी नाहीत, नुसते डबे. पोलीस त्याला हळुवारपणे घरी जाऊन झोपायला सांगतात.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस कोणाकडे जाईल? शहाण्याकडे तर नाहीच. कॅडोगन फेनकडे जातो. चाळिशीचा, उंच, काटकुळा, लालबुंद आनंदी चेहऱ्याचा प्राध्यापक. पाणी लावून चापून बसवलेले केस डोक्यावर काट्यांसारखे परत उभे राहिलेले, त्यावर एक अजब हॅट. त्याला दुकान हरवल्याचं नवल वाटत नाही. मजा वाटते.

इथून पुढं सगळं एका दिवसात घडतं, आणि बहुतेक पळतच घडतं. पाठलाग मोटारीतून, सायकलवरून, पायी. एक पाठलाग तर पार्सन्स प्लेझरमध्ये शिरतो. हे खरं ठिकाण होतं बरं का. चेरवेल नदीवर पुरुषांनी विवस्त्र पोहायची राखीव जागा, १९९१ पर्यंत चालू होती. प्राध्यापक, विद्यार्थी, एक ठार बहिरे म्हातारे डॉ. विल्क्स, सगळी वरात मागं. पायरीपायरीनं गर्दी वाढत जाते तशी हसण्याचीही चढण लागते.

आणि मधल्या जागांत खेळ चालतात. फेन आणि कॅडोगन एका ठिकाणी माणसाची वाट बघत बसलेत. वेळ जात नाही म्हणून फेन खेळ काढतो: कथा-कादंबऱ्यांतली नकोशी पात्रं. नियम असे की पाच सेकंदांत नाव सांगायचं, दोघांना ते पटायला हवं, आणि मुख्य म्हणजे लेखकाला ते पात्र वाचकांनी प्रेम करावं म्हणून लिहायचं असलं पाहिजे. दुष्ट चालत नाहीत. जेन ऑस्टिनच्या लाडक्या मुलींचा नंबर लागतो तेव्हा शेजारी बसलेला एक ऑस्टिनभक्त असा काही पेटतो की बस. पुढं दोघांना हातपाय बांधून कोंडतात, तर तिथं 'न वाचवणारी पुस्तकं' हा खेळ. हातपाय बांधलेलेच असताना फेन आणखी एक गोष्ट करतो: क्रिस्पिनसाठी पुस्तकांची नावं जुळवत बसतो.

ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मागं जाऊन परत वाचलं. पुस्तकातला माणूस आपल्या लेखकाला नाव सुचवतोय! फेनला माहीत आहे की तो पुस्तकात आहे. म्हणून तो घाबरत नाही, म्हणून तो खुन्याचं नाव शेवटच्या प्रकरणाआधी सांगत नाही. त्याला ठाऊक आहे, अजून पानं शिल्लक आहेत. आपल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारनं किती वेड्यावाकड्या संकटांतून उडी मारली, पण छपाईची चाहूल त्याला कधी लागली नाही.

माझ्या प्रतीची शेवटची काही पानं बाइंडिंगमधून सुटून कधीच गेली. एकदा वाचलं होतं, खुनी आठवतो. पण पुढच्या चार वाचनांत त्या पानांची आठवणही झाली नाही. यावरून काय ते समजा.

उच्चारशुद्धी

लिलीताई, छान लिहिलंय, फक्त ते कॅडोगन नाही. इंग्रज लोक ते 'कडगन' म्हणतात, जोर 'ड'वर. फ्रीमन बरोबर.

अवांतर भर. क्रिस्पिनचा धंदा खरं म्हणजे संगीताचा. चर्चमधल्या वृंदगायनासाठी त्यानं गंभीर रचना केल्या, आणि पोटासाठी सिनेमाला संगीत दिलं. 'कॅरी ऑन' या धुडगूस चित्रपटांच्या मालिकेतल्या पहिल्या सहांचं संगीत त्याचं आहे, १९५८ च्या 'कॅरी ऑन सार्जंट'पासून. पाठलागाला ताल कसा असतो हे त्या माणसाला कागदावर आणि वाद्यावर दोन्हीकडे कळत होतं, हे 'टॉयशॉप' वाचताना जाणवतं. सुरुवातीला दोघं धावतात, मग चौघं, मग अख्खं गाव. वाद्यवृंदात वाद्यं एकेक करून मिळत जावीत तसं.

'टॉयशॉप'चा शेवट जत्रेतल्या फिरत्या घोड्यांच्या चक्रावर होतो. चक्र सुसाट सुटतं. ते कुठं तरी पाहिल्यासारखं वाटेल. हिचकॉकनं १९५१ च्या 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'मध्ये तेच घेतलं. तो चित्रपट ज्या कादंबरीवर आहे, पॅट्रिशिया हायस्मिथची, तिच्यात चक्राचा तो शेवट नाही. श्रेयनामावलीत क्रिस्पिनचं नावही नाही.

तिरपा_डांग

कडगन, कॅडोगन. दुकान कुठं गेलं ते महत्त्वाचं.

पानगळ

सगळे एका सुरात गातायत म्हणून थोडं विरुद्ध लिहिते. यादीवाल्यांना फसवू नका.

'टॉयशॉप' मलाही आवडतं, पण कोडं म्हणून ते भुसभुशीत आहे. कवी नेमका त्याच रात्री, त्याच रस्त्यानं, त्याच दुकानापाशी थांबतो आणि नेमकं तेच दार उघडं असतं. त्याशिवाय कथाच नाही. मृत्युपत्राचा मामला तर विचारूच नका. एका विक्षिप्त म्हातारीनं आपल्या वारसांना एडवर्ड लिअरच्या पाचओळी बडबडगीतांतल्या गावांची नावं दिलीत, राइड, लीड्स, मोल्ड, बर्लिन वगैरे, आणि वर्तमानपत्रातल्या त्या जाहिरातीला वेळेत उत्तर दिलं नाही तर पैसे दुसरीकडे. कुठला वकील असलं लिहून घेईल? (तरी एक गंमत मान्य करते. लिअरचं बडबडगीतांचं पहिलं पुस्तक १८४६ चं, 'टॉयशॉप' १९४६ चं. ठिपक्यांच्या कुत्र्यावरून एका अनोळखी मुलीला शोधायचं, कारण गाण्यात तसं कुत्रं आहे, हा तपास दुसरा कोणी डिटेक्टिव्ह करणार नाही.)

माझी खरी तक्रार दुसरी. पहिल्या पुस्तकातली ती मेलेली नटी आठवा. लेखकानं तिला इतकं वाईट रंगवलंय की ती मेल्याचं कोणाला दुःख होऊ नये, आणि तिचा वाईटपणा म्हणजे काय तर पुरुषांना नादी लावते. बाकीच्या बायका एक तर गोड नाहीतर वेंधळ्या. फेनची बायको डॉली विणकाम करत कोपऱ्यात बसलेली. तिला नवऱ्याहून जास्त अक्कल आहे असा मला दाट संशय आहे, पण लेखकाला तिच्यापाशी थांबायला वेळ नाही. नोकरमाणसं, दुकानदार दिसले की थट्टा जरा वरून खाली येते. त्या काळाचं ते, म्हणून मी पुस्तक फेकत नाही, पण ती पानं भराभर उलटते.

कोडंच हवं असेल तर यादीवाले, १९४७ चं 'स्वान साँग' घ्या. महायुद्धानंतर ऑक्सफर्डमध्ये वाग्नरच्या 'मायस्टरझिंगर' ऑपेराच्या तालमी चालू आहेत. सगळ्यांना नकोसा झालेला मुख्य गायक आपल्या खोलीत फासाला लटकलेला सापडतो, आत जाणं-येणं कोणाला शक्य नव्हतं. त्याची पहिलीच ओळ गायकांच्या बुद्धीवर आहे. संगीतकारानं लिहिलेली असल्यामुळं तिला धार आहे. इथं तुमची वही कामाला येईल. १९५३ चा 'बिवेअर ऑफ द ट्रेन्स' हा कथासंग्रहही तुमच्या जातीचा. कथा आटोपशीर, सगळे दुवे समोर ठेवलेले, नंतर तक्रारीला जागा नाही.

लिली_ख्रिस्तीन_चार

पानगळ, डॉलीबद्दल शंभर टक्के. तिला एक पुस्तक मिळायला हवं होतं.

वकिलाचं मात्र मला पटत नाही. तो वकील पुस्तकात भेटतो तेव्हा असलं मृत्युपत्र का लिहिलं गेलं ते बरोबर कळतं. एवढंच सांगते, नाहीतर यादीवाले रागावतील.

बाकीच्यांची धावती ओळख देते, हवं ते उचला. 'होली डिसऑर्डर्स' (१९४५): डेव्हनमधलं काल्पनिक कॅथीड्रलचं गाव, गुप्तहेर, चेटूक आणि बरंच काही, जरा खिचडीच. पण सुरुवातीला एक सज्जन संगीतकार फेनच्या तारेबरहुकूम मोठ्या दुकानात फुलपाखरांचं जाळं विकत घ्यायला जातो, तेवढ्यासाठी वाचा. 'लव्ह लाइज ब्लीडिंग' (१९४८): मुलांच्या शाळेत बक्षीस समारंभाच्या तोंडावर खून, शेक्सपिअरच्या हरवलेल्या नाटकाचं हस्तलिखित, आणि मिस्टर मेरीथॉट नावाचा एक म्हातारा ब्लडहाउंड. त्याला अधूनमधून माणसं मारायचा झटका येतो. गंभीर प्रसंगात कुत्र्याला इतकं चांगलं काम दुसऱ्या कोणी दिलेलं मला माहीत नाही.

माझं लाडकं 'बरीड फॉर प्लेझर' (तेही १९४८). फेन संशोधनाला कंटाळून अपक्ष म्हणून निवडणुकीला उभा राहतो. राजकारण शून्य कळतं. उतरलाय त्या खानावळीच्या मालकाला दुरुस्तीचा सोस, पहाटेपासून ठोकाठोक. गावात एक डुक्कर आहे, त्याला काही घाला, अंगाला लागत नाही. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला एक माणूस स्वतःला अमेरिकेचा अध्यक्ष वुड्रो विल्सन समजतो. आणि एक शांत, गरीब दिसणारे गृहस्थ बाईच्या नावानं रहस्यकथा लिहितात. निवडून येण्याची भीती वाटायला लागल्यावर फेन शेवटच्या सभेत मतदारांना तोंडावर सुनावतो. मतदारांना ते भाषण भलतंच आवडतं. निकाल सांगत नाही.

मग १९५० चं 'फ्रीक्वेंट हर्सेस', सिनेमा स्टुडिओतलं. १९५१ चं 'द लाँग डिव्होर्स', निनावी पत्रांचं आणि बरंच काळवंडलेलं. त्यानंतर कादंबरी थेट १९७७ साली, 'द ग्लिम्प्सेस ऑफ द मून'. मधली २६ वर्षं सिनेमाच्या संगीतात, वर्तमानपत्रात रहस्यकथांची परीक्षणं लिहिण्यात आणि दारूत गेली. शेवटची कादंबरी आली आणि पुढच्या वर्षी माणूस गेला. ती सगळ्यात शेवटी वाचा. त्यातही वरात आहे, पण चालवणारा दमलेला आहे.

उच्चारशुद्धी

अजून एक, मग थांबतो. 'टॉयशॉप' कवी फिलिप लार्किनला अर्पण आहे. कॉलेजातली दोस्ती. पुस्तकात फेन लार्किन नावाच्या आपल्या एका विद्यार्थ्याचा उल्लेखही करतो, की निरर्थक साम्यं शोधून काढण्यात याचा हात धरणारा जगात नाही. १९४६ मध्ये लार्किनला फारसं कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळं तो विनोद बहुधा चार मित्रांपुरता होता. आता तो सगळ्यांना कळतो, हे क्रिस्पिनच्या डोक्यातही नसेल.

यादीवाला

दहा दिवस गायब होतो. 'टॉयशॉप' संपवलं. हिशेब देतो.

वही घेऊनच बसलो होतो, सवय जात नाही. पहिल्या प्रकरणात कॅडोगनची नोंद केली. किराण्याचं दुकान आलं तिथं दोन ओळी खरडल्या आणि एक मोठं प्रश्नचिन्ह. नकोशा पात्रांच्या खेळापर्यंत सात नावं झाली होती, टक्के भरलेले. तिथून पुढं वहीत एकही नोंद नाही. मुद्दाम थांबलो नाही, विसरलो. खुनी कोण ते कळलं तेव्हा 'बरं बरं' म्हणालो आणि मागं जाऊन पुरावे तपासले नाहीत. पानगळताईंचं बरोबर आहे, कोडं पोकळ आहे. मला राग यायला हवा होता.

हसायचं कुठं असतं ते सापडलं. लिली ख्रिस्तीनमधून पाठलाग चाललाय, फाटा लागतो, कुठल्या बाजूला जायचं कळत नाही. कॅडोगन सुचवतो, डावीकडे जाऊ, शेवटी हे पुस्तक गोलांझ छापतोय. मला काही कळेना. शोधल्यावर कळलं की प्रकाशक व्हिक्टर गोलांझनं १९३६ मध्ये 'लेफ्ट बुक क्लब' काढला होता, पक्का डावा माणूस. हा विनोद मराठीत केसालाही धक्का न लागता येतो हो! डावीकडे ते डावीकडेच. लिअरचं मात्र कोणी भाषांतर करून दाखवावं.

ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढ्यासाठी दहा दिवस मान खाली? मग मी तिला नकोशा पात्रांच्या खेळाचे नियम सांगितले. दुष्ट नको, लेखकाचं लाडकं पाहिजे, पाच सेकंद.

एका सेकंदात म्हणाली, "धर्मराज."

मी म्हटलं, कोण?

"युधिष्ठिर हो. बायकोला पणाला लावणारा. आणि वर सगळे त्याला धर्म म्हणतात."

नियमाप्रमाणे दोघांना पटायला हवं. मला पटलं. पण लेखकाला तो आवडायला हवा, ही अट पुरी होते का? मी म्हटलं, व्यासांना आवडत असणार, त्यांनी त्याला शेवटी सदेह स्वर्गात पोचवलंय. ती म्हणाली, व्यासांनी त्याला नरकही दाखवलाय, ते तुमच्या वहीत नाही का? रात्री साडेअकरापर्यंत हेच. जेवणाची ताटं तशीच.

तर निवाडा हवाय. धर्मराज या खेळात बसतो की नाही? लिलीताई, तुमचं मत मानू असं दोघांनी ठरवलंय.

लिली_ख्रिस्तीन_चार

बसतो. वहिनींना एक गुण. पण पाच सेकंदांच्या आत तुम्ही तुमचं नाव सांगितलंत का? की नुसताच वाद घातलात?

यादीवाला

नाही सांगितलं. सुचलंच नाही. म्हणजे हरलो?

पानगळ

हरलात. वहीत लिहून ठेवा.

तिरपा_डांग

आता 'स्वान साँग' घ्या. वही चालेल.